बँकॉकचा फहोन्योथिन रस्ता आणि फ्राया फहोन नावाचा सेनापती

दूरदेशी
अडीच वर्षं माझ्या पत्त्यात एका माणसाचं नाव आहे आणि तो कोण, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. बँकॉकमध्ये आम्ही आरी स्टेशनाजवळच्या एका सोईत (सोई म्हणजे गल्ली) राहतो. मुख्य रस्ता फहोन्योथिन. व्हिक्टरी मॉन्युमेंटपासून निघतो आणि उत्तरेला थेट ब्रह्मदेशाच्या सीमेवर, मे साईला जाऊन संपतो. जवळजवळ हजार किलोमीटर. मला वाटायचं, असेल कुणी राजा. पण तो राजा नव्हता. राजाची अनियंत्रित सत्ता ज्यांनी संपवली त्यांतला सगळ्यात वरच्या हुद्द्याचा शिपाईगडी होता तो. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. मराठीत त्याच्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

फ्राया फहोन फोनफयुहसेना. हे नाव नव्हे, राजाने दिलेला किताब. पाळण्यातलं नाव फोट. जन्म २९ मार्च १८८७, बँकॉक. बाप चिनी वंशाचा, आई मोन समाजातली. बापही लष्करात, आणि त्यालाही कधीकाळी हाच किताब मिळालेला होता. पोरगा कॅडेट शाळेत हुशार निघाला, सरकारी खर्चाने जर्मनीला गेला, प्रशियन शिस्तीत तयार झाला. पुढे डेन्मार्कमध्ये इंजिनिअरिंग शिकायला लागला, पण पैशाअभावी ते अर्धवट टाकून परतावं लागलं. मग तोफखान्यात वर चढत गेला.

१९३२ साली तो ४५ वर्षांचा कर्नल होता. त्या वेळचा सयाम (थायलंडचं जुनं नाव) डोळ्यांपुढे आणा. जगभर मंदी. भाताचे भाव कोसळलेले. सरकारने नोकरकपात केलेली, पगार कापलेले, आणि वरच्या सगळ्या खुर्च्या राजघराण्यातल्या. राजपुत्र बोवोरदेत हे संरक्षणमंत्री होते. लष्कराच्या पगारवाढीवरून भांडण होऊन १९३१ मध्ये तेही राजीनामा देऊन निघून गेले होते. दुसरीकडे १९२७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये सात सयामी तरुणांनी एका खोलीत बसून 'खाना रातसदोन' म्हणजे लोकांचा पक्ष काढला होता. त्यात कायद्याचा विद्यार्थी प्रीदी होता, तोफखान्याचा तरुण अधिकारी फिबून होता. पोरं हुशार, पण हाताखाली पलटण एकाच्याही नाही. पलटण बाहेर काढायची तर वरिष्ठ हवेत. ते चार वरिष्ठ म्हणजे फहोन, सोंगसुरदेत, रित्थी आणि प्रसात. थाई लोक त्यांना 'चार वाघ-शिपाई' म्हणतात.

२४ जून १९३२ ची पहाट मला फार ओढून घेते. राजा प्रजाधिपोक हुआ हिनला समुद्रकाठच्या राजवाड्यात होता. बेत सोंगसुरदेतचा: गोळी न झाडता, निव्वळ बतावणीने पलटणी बाहेर काढायच्या. कॅडेटांना सांगितलं, आज रणगाड्यांसमोरची कवायत आहे. घोडदळाच्या बराकीत शिरून ओरडले, शहरात चिन्यांनी दंगल मांडलीय आणि तुम्ही झोपलात काय! गोंधळात शिपाई धावले, चिलखती गाड्या निघाल्या. दारूगोळ्याच्या कोठाराला कुलूप होतं. कर्नल फहोनने बरोबर आणलेल्या कात्रीने ते स्वतः तोडलं. काही तासांत राजसिंहासन सभागृहापुढच्या मोकळ्या चौकात जमलेल्या सैन्यापुढे उभं राहून त्यानेच जाहीरनामा वाचला. बहुतेक शिपायांना तोपर्यंत आपण कशासाठी आलो हेच ठाऊक नव्हतं.

सत्ता हातात आल्यावर त्याने पंतप्रधानपद स्वतःकडे घेतलं नाही. एका मुलकी न्यायाधीशाला, फ्राया मानोपकोनला, खुर्चीवर बसवलं. का, ते पुढच्या पोस्टीत लिहिते, मुलीची शाळेची बस आली.

कोकणकडा
मस्त सुरुवात. वाचतोय. थायलंड म्हणजे पट्टाया आणि मसाज एवढंच आपल्या लोकांना माहीत, त्यामुळे असं काही वाचायला मिळालं की बरं वाटतं.

पालीपाठ
ताई, किताब वाचून अंगावर काटा आला. तुमच्या लक्षात आलं का, हे अख्खं नाव आपलंच आहे! थाई लिपीत मूळ संस्कृत-पाली अक्षरं जशीच्या तशी ठेवतात, उच्चार मात्र बदलतात. ब चा फ होतो, ध चा थ होतो, शब्दाच्या शेवटचा ल हा न ऐकू येतो. आता उलट चाला:

फहोन = बहल (दाट, पुष्कळ). फोन = बल. फयुह = व्यूह. सेना = सेना. म्हणजे 'बहल-बल-व्यूह-सेना'.

आणि तुमचा रस्ता फहोन्योथिन = बहल + योधिन्. हेच पुढे त्यांचं आडनाव झालं. बाकीच्यांचंही पाहा. फिबूनसोंगख्राम = विपुलसंग्राम. रित्थी आखनेय = ऋद्धी आग्नेय, आणि हा गडी खरोखर तोफखान्याचा. प्रसात फित्थयायुत = प्रशासन विद्यायुद्ध. पक्षाचं नाव 'खाना' म्हणजे गण, 'रातसदोन' म्हणजे राष्ट्र हाच शब्द. लोकशाहीला ते 'प्रचाथिपताय' म्हणतात, म्हणजे 'प्रजा' अधिक पालीतलं 'आधिपतेय्य'. मुख्य म्हणजे पाळण्यातलं नाव फोट, ते 'वचन' या शब्दावरून आलंय. मराठी वाचकाला एवढी नावं अर्थासकट कळतात, हे सुख थाई इतिहास वाचणाऱ्या फार थोड्या परदेशी लोकांच्या वाट्याला येत असेल.

मुक्काम नांदेड
@पालीपाठ, जबरदस्त. म्हणजे आपल्याकडे हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' किताब मिळाला आणि पुढे तेच नाव चिकटलं, तसंच हे.

पालीपाठ
बरोबर. फरक एवढाच की सयामात असे किताब एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असत. म्हणून बापाला आणि मुलाला एकच नाव मिळू शकलं. १९४२ मध्ये बहुतेकांनी हे किताब सोडले, तेव्हा फ्राया फहोन पुन्हा साधे फोट फहोन्योथिन झाले.

दूरदेशी
@पालीपाठ, रोज सकाळी स्टेशनाच्या पाटीवर वाचते ते 'योथिन' म्हणजे योधिन्! आता ती पाटी मला निराळीच दिसेल.

तर पुढे. राजाने रक्तपात टाळला. संविधान मान्य करण्याचं निर्वाणीचं पत्र तीन कर्नलांच्या सहीने हुआ हिनला गेलं, त्यात फहोनची सही होती. राजा बँकॉकला परतला, २६ जूनला बंडवाल्यांना माफीवर सही दिली. दुसऱ्या दिवशी संविधानाचा मसुदा समोर आला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने वर 'तात्पुरतं' हा शब्द घातला. कायमचं संविधान १० डिसेंबर १९३२ ला आलं. त्याच्या तीन दिवस आधी पक्षाच्या नेत्यांनी जाहीरनाम्यातल्या जहाल भाषेबद्दल राजाची रीतसर क्षमा मागितली होती. जाहीरनामा लिहिला होता प्रीदीने, वाचला होता फहोनने.

मानोपकोनला निवडण्यामागे हाच विचार होता. दरबारालाही चालेल आणि लोकांनाही, असा माणूस. पण वर्षभरात गाडी रुळावरून घसरली. प्रीदीने आर्थिक आराखडा मांडला, बहुतेक जमीन सरकारने विकत घ्यावी, शेतकऱ्यांना पगार द्यावा, वगैरे. त्याच्यावर साम्यवादाचा शिक्का बसला. १ एप्रिल १९३३ ला मानोपकोनने प्रतिनिधी सभाच बंद केली. प्रीदीला फ्रान्सला जावं लागलं. जूनमध्ये चारही 'वाघांनी' पदं सोडत असल्याचं कळवलं. त्यांच्या मनात काय होतं यावर पुस्तकापुस्तकांत वेगळं वाचायला मिळतं. घडलं ते असं: २० जून १९३३ ला फहोन आणि फिबूनने पुन्हा सैन्य हलवलं, मानोपकोनला उतरवलं आणि सभा पुन्हा उघडली. या वेळी मात्र पंतप्रधानपद फहोनकडे आलं.

खडा सवाल
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एका वर्षात दोन लष्करी उठाव करणाऱ्या माणसाला आपण इतकं डोक्यावर घ्यायचं? थायलंडमध्ये १९४७, ५१, ५७, ५८, ७१, ७६, ७७, ९१, २००६, २०१४ असे उठावांवर उठाव झाले. 'देश अडचणीत आहे, म्हणून सैन्य बाहेर पडलं' हे वाक्य प्रत्येक जनरलने म्हटलं. ते पहिल्यांदा कुणी शिकवलं? जून १९३३ मध्ये फहोननेच ना? आणि सभा उघडली म्हणता, तर तिच्यातले निम्मे सदस्य नेमलेले होते. लोकांपैकी निम्मे प्राथमिक शिक्षण घेईपर्यंत किंवा दहा वर्षं तसंच चालणार, असं संविधानातच होतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये बोवोरदेतने सरकारविरुद्ध बंड केलं, त्यानंतर विशेष न्यायालय नेमलं, विरोधकांना तिथे उभं केलं. हेही लिहा.

निवृत्त फौजी
@खडा सवाल, सवाल रास्त आहे. मी तोफखान्यात २४ वर्षं काढली, तेव्हा या माणसाबद्दल मला आधीपासून थोडी आपुलकी आहे हे कबूल करून बोलतो.

कुलूप तोडणारा अधिकारी माझ्या डोक्यातून जात नाही. शिस्तीच्या माणसासाठी शस्त्रागाराचं कुलूप ही काय चीज असते ते बाहेरच्याला कळणार नाही. ते तोडलं म्हणजे उभी हयात ज्यावर काढली ते मोडलं. मी ते कधीही योग्य म्हणणार नाही. पण मग त्या माणसाने पुढे काय केलं, तेही बघितलं पाहिजे. उठावाने आलेला जनरल सहसा बराकीकडे परत जात नाही. दूरदेशी ताई, त्याने खुर्ची कशी सोडली ते नीट लिहा. मला तेच ऐकायचंय.

दूरदेशी
काका, तेच लिहायला बसलेय. पण आधी बोवोरदेतचं बंड, कारण ते माझ्याच रस्त्यावर झालं.

ऑक्टोबर १९३३. तेच माजी संरक्षणमंत्री राजपुत्र बोवोरदेत कोराटच्या छावणीतून रेल्वेने फौज घेऊन निघाले. डोन मुआंगचा विमानतळ त्यांच्या हातात गेला. बांग खेनला रुळांच्या दोन्ही अंगांनी लढाई झाली. सरकारी बाजूचं नेतृत्व फिबूनने केलं, तिथूनच त्याचा तारा चढला. महिना संपायच्या आत बोवोरदेत सायगॉनला पळाले. सरकारच्या बाजूचे १७ शिपाई आणि पोलीस मेले. त्यांच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये लाकसी चौकात एक खांब उभारला, वर संविधानाची प्रत ठेवलेली. तो चौक फहोन्योथिन रस्त्यावर आहे. आहे म्हणजे चौक आहे, खांब नाही. त्यावर नंतर.

फहोन पाच वर्षांहून जास्त पंतप्रधान राहिला, जून १९३३ ते डिसेंबर १९३८. आणि या काळात त्याने वारंवार राजीनामे दिले. १९३४ मध्ये रबराच्या कोट्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर सभेने सरकारच्या विरोधात मत दिलं. राजीनामा. सभेने परत बोलावलं, आला. १९३७ मध्ये एका खासदाराने भर सभेत विचारलं, राजाच्या खाजगीतल्या जमिनी मंत्र्यांना आणि जवळच्या लोकांना स्वस्तात कशा मिळाल्या? पुन्हा राजीनामा, त्याच्याबरोबर राजाच्या जागी काम पाहणाऱ्या मंडळानेही पदं सोडली. परत बोलावलं, परत आला. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये अंदाजपत्रकाचा तपशील अधिक खोलात मांडावा असा ठराव सरकारच्या मनाविरुद्ध मंजूर झाला. या वेळी त्याने सभा विसर्जित करून निवडणूक लावली, आणि निवडणुकीनंतर मात्र नको म्हणाला. प्रकृती साथ देत नव्हती. १६ डिसेंबरला फिबून पंतप्रधान झाला.

सैन्य ज्याच्या शब्दावर हलतं असा माणूस रबराच्या कोट्यावरून हरल्यावर राजीनामा लिहितो, हे मला साधं वाटत नाही. @खडा सवाल, निम्मी सभा नेमलेली होती हे खरंच आहे. पण त्या सभेचंही त्याने ऐकलं. १९३३ ची निवडणूक अप्रत्यक्ष होती, १९३७ ची थेट लोकांच्या मतांनी झाली. बायकांना मत पहिल्यापासून होतं.

खडा सवाल
जमिनींचं प्रकरण तुम्हीच लिहिलंत म्हणून बरं वाटलं. तरी माझा मुद्दा उरतोच. फिबूनला मोठं कुणी केलं? १९३८ नंतर त्याने जे केलं, १९३९ मध्ये विशेष न्यायालयातून १८ जणांना गोळ्या घातल्या, सोंगसुरदेतला देशाबाहेर घालवलं, त्याची पायरी फहोनच्याच काळात बांधली गेली.

दूरदेशी
हो. याला माझ्याकडे उत्तर नाही. सोंगसुरदेत, ज्याच्या डोक्यातून २४ जूनचा बेत निघाला, १९४४ मध्ये कंबोडियात वारला. दोघे जर्मनीत शिकलेले, वर्षानुवर्षांचे सोबती, आणि एक बँकॉकमध्ये मानाने, दुसरा परमुलखात. फहोन त्याला वाचवू शकला असता का, हा प्रश्न मलाही छळतो.

कोकणकडा
राजाचं काय झालं पुढे?

पालीपाठ
प्रजाधिपोक १९३४ च्या सुरुवातीला उपचारांसाठी परदेशी गेले, आणि २ मार्च १९३५ ला इंग्लंडमधून राजत्याग केला. त्यांचं म्हणणं असं की मी माझे अधिकार सगळ्या जनतेला द्यायला तयार आहे, पण कुणा एका व्यक्तीने किंवा गटाने ते एकाधिकाराने वापरावेत यासाठी नाही. @खडा सवाल यांचाच मुद्दा, पण राजाच्या तोंडून. नवा राजा आनंद महिदोल नऊ वर्षांचा, स्वित्झर्लंडमध्ये शाळेत. म्हणजे फहोनच्या कारकिर्दीत देशात प्रत्यक्ष राजा जवळजवळ नव्हताच. परकीयांशी झालेले जुने विषम करार १९३७ मध्ये नव्याने होऊन सयामला कर आणि न्यायाचा पूर्ण अधिकार मिळाला, तेही याच काळात. परराष्ट्रमंत्री प्रीदी होता. १९३३ मध्ये फहोननेच त्याला फ्रान्सहून परत येऊ दिलं होतं. पुढच्याच वर्षी थम्मसात विद्यापीठ सुरू झालं. (थम्मसात = धर्मशास्त्र.)

निवृत्त फौजी
शेवट कसा झाला त्याचा?

दूरदेशी
१९४४ मध्ये फिबून पडल्यावर नव्या सरकारने सगळ्या सैन्याची सूत्रं त्याच्याकडे दिली, कारण लष्करात फिबूनपुढे उभं राहील असं तेवढं एकच नाव होतं. पण शरीर थकलेलं होतं. १४ फेब्रुवारी १९४७ ला पक्षाघाताने गेला, साठीही पुरी झालेली नव्हती. शेवटपर्यंत राहिला तो परुसकवन राजवाड्यात, पण ते घर त्याच्या मालकीचं नव्हतं, राहायला दिलेलं होतं. घरच्यांकडे अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते असं इथे जुने लोक सांगतात. ज्याच्या मंत्रिमंडळावर जमिनींचा आरोप झाला, त्याच्या स्वतःच्या घरी काय होतं ते यावरून दिसतं.

या रस्त्याचं आधीचं नाव प्रचाथिपत, म्हणजे लोकशाही. १९५० मध्ये ते बदलून फहोन्योथिन केलं.

आता खांबाचं. लाकसी चौकातला तो खांब आधी मेट्रोच्या कामासाठी हलवला होता. २०१८ च्या डिसेंबरअखेर एका रात्रीत नाहीसा झाला. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये, जिथे उभं राहून फहोनने जाहीरनामा वाचला तिथल्या रस्त्यात बसवलेली पितळी चकती गायब झाली. 'या जागी २४ जूनच्या पहाटे संविधानाचा जन्म झाला' अशा अर्थाचा मजकूर होता तिच्यावर. १९३६ मध्ये ती बसवली तेव्हा फहोन स्वतः हजर होता. २०२० मध्ये लोपबुरीच्या तोफखाना केंद्रातून त्याचा पुतळा काढला, आणि तिथल्या फहोन्योथिन छावणीचं नाव बदललं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंदोलक पोरांनी सनाम लुआंगवर (राजवाड्याजवळचं मोठं मैदान) नवी चकती बसवली. एका दिवसात तीही उखडली.

माझ्या इमारतीखालच्या नूडलवाल्या आजींना मी विचारलं, फहोन कोण होते? त्या थोडं थांबल्या, म्हणाल्या, "चांगला माणूस." आणि माझ्या वाडग्यात जास्तीचा कांदा घालून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मुक्काम नांदेड
पुतळे काढल्याचं वाचून वाईट वाटलं. ताई, त्याची समाधी वगैरे काही आहे का? पुढच्या वर्षी बँकॉकला येणार आहे.

पालीपाठ
आहे, आणि तिचा भारताशी संबंध आहे. बांग खेनला, ज्या भागात बोवोरदेतशी लढाई झाली तिथेच, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने वात फ्रा सी महाथात हा विहार बांधला. आधी त्याचं नाव लोकशाही विहार ठेवायचं ठरलं होतं. त्यासाठी थाई शिष्टमंडळ भारतात आलं आणि तक्षशिलेच्या धर्मराजिका स्तूपातल्या बुद्धधातू (बुद्धाचे अस्थी-अवशेष) आणि बोधगयेच्या बोधिवृक्षाच्या फांद्या घेऊन गेलं. स्तूपाच्या भिंतीत कोनाडे आहेत, त्यांत १९३२ च्या मंडळींच्या अस्थी ठेवल्यात. फहोनच्याही.

दूरदेशी
@मुक्काम नांदेड, मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे, आरीहून एकच गाडी. मी काल जाऊन आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, स्तूपाच्या आत गार. मधोमध छोटा स्तूप आणि सभोवार भिंतीवर नावांच्या पाट्या. थाई वाचता येतं पण हळू, त्यामुळे एकेक अक्षर लावत फिरले. फो, हो, लो... फहोन. शेजारी दुसरं कुणी नव्हतं. मागे बोधिवृक्षाच्या पारावर एक भिक्खू पानं झाडत होता. मी त्याला विचारलं, हे झाड बोधगयेचं का? तो म्हणाला, हो, तुम्ही तिकडच्या का? मी हो म्हटलं. त्याने खाली पडलेलं एक पान उचलून मला दिलं. ते आता माझ्या वहीत आहे, फोटो उद्या टाकते.

निवृत्त फौजी
टाका. वाट बघतो.